सेबर्सचा पॉवर प्ले : ऑक्टोबरची वही

प्राग, ४ आणि ५ ऑक्टोबर २०२४

बफेलो सेबर्स हा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला आपला लाडका संघ. त्यांचा हंगाम युरोपात सुरू झाल्याचा आपल्याला झालेला एकमेव फायदा म्हणजे झोप. पहिला सामना पुण्यात रात्री साडेदहाला, दुसरा तर संध्याकाळी साडेसातला, चहा घेता घेता. एरवी बफेलोचा घरचा सामना म्हणजे पहाटे साडेचारचा गजर, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे सरकली की साडेपाचचा. बाकी पदरात काही पडलं नाही. न्यू जर्सी डेव्हिल्सकडून आधी १-४, मग १-३. पॉवर प्लेवर, म्हणजे पेनल्टीमुळे समोरच्यांचा एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर असताना, गोल शून्य.

यंदा प्रत्येक पॉवर प्लेची नोंद हाताने ठेवायची हे उन्हाळ्यातच ठरवलं होतं. वहीत चार रकाने आहेत: पहिला फेसऑफ (पंच पक, म्हणजे रबरी चकती, खाली टाकतो ती झटापट) कोणी जिंकला, ब्लू लाइन, म्हणजे समोरच्यांच्या झोनची सीमा, कशी ओलांडली (पक नेऊन, ड्रॉप पास देऊन, की नुसता आत ढकलून), आत शिरल्यावर पाचही जण जागेवर यायला किती सेकंद लागले, आणि बस्तान बसल्यावर पहिला शॉट कुठून गेला. गोल झाला की नाही हा रकाना मुद्दाम शेवटी, समासात ठेवलाय. तो लीग आपल्यासाठी मोजतेच.

ऑक्टोबरचा मध्य

अपेक्षेप्रमाणे पॉवर प्लेवरून आपल्या चाहते मंडळींमध्ये वाद पेटलाय. एका बाजूचं म्हणणं असं की दोन-चार सामन्यांवरून काय ठरवायचं, पोरं तरुण आहेत, थांबा जरा. दुसऱ्या बाजूला मागच्या वर्षीची जखम अजून ओली आहे. २०२२-२३ मध्ये याच संघाचा पॉवर प्ले २३.४ टक्के होता (शंभर संधींत तेवढे गोल), लीगच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात. २०२३-२४ मध्ये तो १६.६ वर घसरला, तळाच्या रांगेत. त्यामुळे यंदाची कोरडी सुरुवात त्यांच्या लेखी सुरुवात नाहीच, मागच्याच दुखण्याचा पुढचा अंक आहे.

‘थांबा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने गणित आहे, ते आधी मांडतो. लीगचा सरासरी संघ साधारण पाच संधींत एक गोल करतो असं धरा. अशा अगदी सामान्य संघाला लागोपाठ दहा संधींत एकही गोल न मिळण्याची शक्यता सुमारे ११ टक्के. लीगमध्ये ३२ संघ आहेत, म्हणजे सगळे सारखेच चांगले असते तरी त्यांतले तीन-चार पहिल्या दहा संधींत कोरडे राहिलेच असते. सामन्याला साधारण तीन संधी मिळतात, तेव्हा दहा संधी म्हणजे जेमतेम तीन-चार सामने. एवढ्यावर कोणाला फासावर चढवायचं?

पण वीस संधी कोरड्या गेल्या, तर तीच शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास येते. तिथे मात्र भुवई उंचावायलाच हवी. शिवाय हे गणित ज्याच्याकडे आधीचं काहीच माहीत नाही त्याच्यासाठी आहे. आपल्यापाशी ८२ सामन्यांचा १६.६ टक्क्यांचा पुरावा पडलाय, तो गंगेत सोडून देता येत नाही.

‘टक्क्यांचं काय एवढं’ विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. हंगामात सव्वादोनशेच्या आसपास संधी धरल्या, तर २३.४ आणि १६.६ मधला फरक पंधरा गोलांचा होतो. सहा गोल म्हणजे साधारण एक विजय, हा लीगमधला जुना अंदाज लावला तर पाच गुण (विजयाला दोन). २०२२-२३ मध्ये बफेलो ९१ गुणांवर राहिलं आणि फ्लोरिडा ९२ वर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, गेलं. पुढे तेच फ्लोरिडा थेट अंतिम फेरीत पोहोचलं. २०११ नंतर प्लेऑफ न पाहिलेल्या चाहत्याला पाच गुणांची किंमत कोणी समजावू नये.

ऑक्टोबरअखेर

आता वहीतलं. माझं मत बनत चाललंय की ओरड गोलांच्या नावाने चाललीय, आणि खरी रड आहे ती त्याआधीच्या अर्ध्या मिनिटाची. पॉवर प्लेचा पहिला फेसऑफ जवळजवळ नेहमी समोरच्यांच्या झोनमध्ये होतो. ही फुकट मिळालेली जागा आहे. तो हरला की ते लोक पक थेट आपल्या गोलजाळ्याकडे फेकतात, मग मागे जा, उचला, पाच जण पुन्हा जमवा, वर या. यात वीस-पंचवीस सेकंद सहज जातात. दोन मिनिटांत असं दोन-तीनदा झालं की अर्धी पेनल्टी प्रवासातच संपते.

त्या प्रवासात सेबर्सचा भर ड्रॉप पासवर. एक जण वेगात वर येतो, मध्यावर बचावपटूंना मागे रेटतो आणि पक मागे सोडतो. मागून दुसरा वेगात येऊन घेतो. सगळी लीग हे करते. पण हे तेव्हाच चालतं जेव्हा पुढचा माणूस कधीमधी पक न सोडता स्वतःच आत घुसतो. तो सोडणारच हे आधीपासून माहीत असेल तर चौघे बचावपटू ब्लू लाइनवर आरामात उभे राहून वाट बघतात. रासमुस डालीनने (यंदाचा नवा कर्णधार) पक स्वतः आत नेला की चित्र बदलतं. आणि तो सराव शिबिराच्या पहिल्याच दिवशी दुखावला, जवळजवळ सगळं शिबिर बाहेर होता, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. ज्याच्याभोवती पहिलं युनिट (पॉवर प्लेवर आधी उतरणारा पाच जणांचा गट) फिरतं तोच तालमीला नसेल, तर पहिल्या प्रयोगाला संवाद अडखळणारच.

झोनमध्ये बसल्यावरची गोष्ट वेगळी, आणि इथे मी ‘थांबा’वाल्यांची साथ सोडतो. रचना १-३-१: वर डालीन, दोन बाजूंना दोन नेमबाज, मधोमध बंपर (बचावपटूंच्या घोळक्यात उभा राहणारा), गोलीसमोर (गोलरक्षकासमोर) एक. डाव्या वर्तुळापाशी टेज थॉम्पसन, सहा फूट सहा इंच, उजव्या हाताचा, तिथून वन-टायमर (आलेला पास न थांबवता मारलेला शॉट) म्हणजे तोफ. २०२२-२३ मध्ये त्याचे ४७ गोल होते, त्यातले २० पॉवर प्लेवर. तेव्हापासून लीगमधल्या प्रत्येक पेनल्टी किलच्या (एक माणूस कमी असताना बचाव करणाऱ्या चौघांच्या) फळ्यावर पहिलं नाव त्याचंच असतं. एक बचावपटू त्याच्या पासच्या वाटेतच उभा करायचा आणि बाकीचं बाकीचे बघतील.

‘मग थॉम्पसनची जागा बदला’ असं आपल्यातले निम्मे म्हणतात. मला पटत नाही. तो नुसता उभा राहून एक माणूस अडकवून ठेवतोय, ही कमाईच आहे. उरलेल्या बर्फावर चार विरुद्ध तीन राहतात, आणि पाच विरुद्ध चारपेक्षा चार विरुद्ध तीनमध्ये मोकळी जागा जास्त असते. प्रश्न असा की ती जागा वापरतंय कोण? बंपरवाल्याने पक मिळताक्षणी मारायला हवा. तो एक सेकंद थांबून पुन्हा डावीकडे बघतो, तोवर खिडकी बंद. डायलन कझन्स असो, जेजे पेटर्का असो, सगळ्यांची नजर अखेर त्या डाव्या वर्तुळाकडे वळतेच. लग्नाच्या पंगतीत सगळे वाढपी एकाच पानाकडे धावावेत, तसं होतं.

गोलरेषेजवळचा माणूस हा दुसरा मुद्दा. चांगल्या दिवसांत जेफ स्किनर तिथे अरुंद जागेत काहीतरी घडवायचा. उन्हाळ्यात त्याचा करार संघाने पैसे मोजून मोडला आणि तो एडमंटनला गेला. समोरच्या गर्दीसाठी जेसन झकर आणलाय, आणि गोलीच्या डोळ्यांपुढे उभं राहून मार खायला माणूस उत्तम आहे. पण ते काम वेगळं, स्किनरचं वेगळं. स्किनरच्या बचावातल्या चुका आठवून ज्यांनी त्याला निरोप देताना टाळ्या वाजवल्या, त्यांनी हाही खर्च वहीत लिहावा.

तरुणपणाबद्दल

‘तरुण संघ आहे’ हे वाक्य मला आता सहन होत नाही. संघ तरुण आहे, कबूल. लीगमधल्या सर्वांत तरुण संघांपैकी एक. झॅक बेन्सन १९, ओवेन पॉवर २१, पेटर्का २२, क्विन आणि कझन्स २३. पण आपला यंदाचा मुख्य प्रशिक्षक लिंडी रफ आधी डेव्हिल्सकडे होता, आणि त्याच्या हाताखाली तेही तरुणच होते. २०२१-२२ मध्ये त्यांचा पॉवर प्ले तळाच्या काही संघांत होता, संघ ६३ गुणांवर अडकला होता. त्या उन्हाळ्यात सहायक प्रशिक्षक बदलले, अँड्र्यू ब्रुनेट आला, पॉवर प्ले सुधारला आणि पुढच्या वर्षी संघाने ११२ गुण मिळवले. सगळं श्रेय पॉवर प्लेचं नव्हे, अजिबात नव्हे. जॅक ह्यूझ दुखापतींतून बाहेर आला, बचाव सुधारला. पण पोरं एका उन्हाळ्यात म्हातारी झाली नव्हती, एवढं नक्की.

बफेलोत आता पॉवर प्ले सेथ ॲपर्टकडे आहे. तो चार हंगाम रॉचेस्टरचा, म्हणजे सेबर्सच्या खालच्या लीगमधल्या संघाचा, मुख्य प्रशिक्षक होता. क्विन, पेटर्का, क्रेब्स त्याच्याच हाताखालून वर आलेत. म्हणून त्याला मी वेळ देईन. पोरांना कुठे उभं केलं की ती बिथरतात हे त्याला माहीत असणार. पण वेळ म्हणजे नाताळपर्यंत, मार्चपर्यंत नाही.

पेनल्टी किलवर थोडक्यात, कारण तिथे माझी तक्रार कमी आहे. व्यवस्थापनाने उन्हाळ्यात पैसा आणि पिक्स (नवे खेळाडू निवडायचे हक्क) खर्चले ते मुख्यतः याच कामावर: रायन मक्लाउड, बेक मॅलेनस्टिन, सॅम लॅफर्टी, ओबे-क्युबेल. पाय चालतात, शॉटसमोर आडवे पडतात. क्रॉस-आइस (बर्फाच्या एका बाजूकडून दुसरीकडे) पासवर बचावाची जोडी उशिरा वळते, तेवढं सोडलं तर बघवतं. एकच खंत: चौथ्या ओळीची एवढी खरेदी केली, पण पॉवर प्लेसाठी झकर सोडून बाहेरून कोणी नाही.

पुढची नोंद

नोव्हेंबरपासून दुसऱ्या युनिटची वेगळी पानं करतोय. पहिलं युनिट दीड मिनिट बर्फावर रेंगाळतं आणि दुसऱ्याला उरलेल्या अर्ध्या मिनिटात धड आत शिरताही येत नाही, असा संशय आहे. तो बदलीची वेळ लिहिल्याशिवाय तपासता येणार नाही. टोरांटोकडच्या आपल्या माणसाने घरच्या सामन्यांचं काम घेतलंय, कारण तो सीमेवरचा पीस ब्रिज ओलांडून प्रत्यक्ष जातो आणि कॅमेऱ्याबाहेरचा बेंच त्याला दिसतो. बाहेरगावचे सामने माझ्याकडे. पश्चिमेकडचे सामने आपल्याकडे सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येतात, ते कोणीतरी ऑफिस नसलेल्या माणसाने घ्या.