कीर्तिमंदिरातला इंग्रजीचा तास

वडोदऱ्यातील एका कला महाविद्यालयात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजीसाठी साहाय्य करणे हे माझे काम आहे. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, अफगाणिस्तान अशा देशांतून ही मुले येतात. काहींना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती असते. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन अशा शिक्षकांमुळे या शहराचे नाव कलाशिक्षणात दूरवर गेले, त्याचा हा परिणाम. स्टुडिओत या मुलांचे फारसे अडत नाही, कारण तिथे हात बोलतात. ती अडतात दोन ठिकाणी: आपल्या कामाविषयीचे लेखी निवेदन तयार करताना आणि ज्युरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, उभे राहून त्याच कामाविषयी बोलताना.

एका वर्षी मुद्राचित्रण विभागात बांगलादेशची एक विद्यार्थिनी होती. धातूची प्लेट आम्लाने कोरून तिचे कागदावर छाप काढायचे, असे तिचे काम. तिचे शिक्षण बंगाली माध्यमात झालेले होते. इंग्रजी ती वाचत असे, पण बोलायची वेळ आली की मान खाली. ज्युरीचा दिवस जवळ आल्यावर तिने निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आणला. व्याकरण निर्दोष होते. ‘स्मृती’, ‘विस्थापन’, ‘अवकाश’ वगैरे सगळी मंडळी रांगेने हजर होती. मजकूर फोनने लिहून दिलेला होता, हे दुसऱ्याच ओळीला लक्षात आले. ‘यातले तुझ्या प्लेटमध्ये कुठे दिसते?’ असे विचारल्यावर ती गप्प बसली. असा मसुदा दुरुस्त करता येत नाही, कारण त्यात चुकलेले काही नसते आणि विद्यार्थ्याचेही काही नसते.

दुसऱ्या दिवशीचा तास मी वर्गात न घेता गटाला कीर्तिमंदिरात नेले. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. नियम साधा होता: भिंतीवर जे दिसते तेवढेच इंग्रजीत सांगायचे, अर्थ लावायचा नाही. अर्थ लावायला सांगितले की मुले पुस्तकी भाषेकडे धावतात. दिसते ते सांगायला लावले की क्रियापदे शोधावी लागतात.

बाकीचे मीरेच्या आणि महाभारताच्या चित्रांपुढे अडखळत असताना ही मुलगी एका भिंतीपाशी थांबली आणि चक्क बोलू लागली. ते चित्र ‘नटीर पूजा’चे होते. रवींद्रनाथांचे हे नाटक तिने शाळेत पाहिलेले होते, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नसलेली कथा तिला तोंडपाठ होती. अजातशत्रूच्या राज्यात बुद्धपूजेला बंदी होते. श्रीमती नावाच्या राजनर्तकीला स्तूपापुढे नाचून त्याची विटंबना करण्याची आज्ञा होते. ती नाचत नाचत एकेक अलंकार उतरवते, ते नृत्यच पूजा बनते आणि ती मारली जाते. बंगालीत वर्तमानकाळी ‘आहे’ लागत नाही, म्हणून तिची वाक्ये ‘धिस डान्सर नॉट अफ्रेड’ अशी येत होती. मी मध्ये बोलले नाही, फोनवर ध्वनिमुद्रण तेवढे सुरू ठेवले.

त्यानंतर ती गंगावतरणाच्या चित्राकडे वळली, आणि पुढचे तिने कोणी न विचारता सांगितले. हीच गंगा तिच्या देशात पद्मा होते. तिथे ती काठ खाते, दर पावसाळ्यात जमीन तोडून नेते, आणि तिच्या आजोळचे घर अशाच एका वर्षी नदीत गेले. प्लेटवर नदी आहे हे मला दिसले होते, घराचे मात्र मी प्रथमच ऐकत होते. जस्ताची प्लेट नायट्रिक आम्लात सोडण्यापूर्वी तिची पाठ आणि कडा वॉर्निश लावून झाकतात. तिने एक कड मुद्दामच उघडी ठेवली होती, म्हणजे आम्ल ती कड कुरतडेल. वर येणारे बुडबुडे पिसाने बाजूला सारत, कड कुठवर झिजू द्यायची हे ती डोळ्यांनी ठरवत होती. त्या कडेचे ओबडधोबडपण प्रत्येक छापात उतरले होते, आणि फोनने लिहिलेल्या निवेदनात त्याविषयी एक अक्षरही नव्हते.

ध्वनिमुद्रण ऐकत आम्ही दोघींनी तिची वाक्ये कागदावर उतरवली. क्रियापदे मी पुरवली, काळ सुधारले. वाक्यांचा क्रम आणि विचार जसेच्या तसे राहू दिले. भाषासाहाय्यकाने थांबायचे कुठे यावर माझे सहकारी बराच वाद घालतात. वाक्याचा सांगाडा सावरावा, पण विद्यार्थ्याने न म्हटलेले विशेषणसुद्धा आपल्या पदरचे घालू नये, असे माझे मत आहे. एक विशेषण घातले की त्याच्यावरच्या प्रश्नाला उत्तर द्यायला ज्युरीपुढे आपण नसतो. निवेदन जेमतेम अर्धे पान भरले. ते फार त्रोटक आहे, असा आक्षेप विभागातूनच आला. मी त्यात भर घालायला नकार दिला.

ज्युरीच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निवेदन बाजूला ठेवले आणि पहिलाच प्रश्न कडेविषयी विचारला: हा दोष आहे की हेतू? तिने प्लेट हातात घेतली, झिजलेल्या भागावरून बोट फिरवत वॉर्निश, आम्ल, पिसे आणि पद्मा असे सगळे सांगितले. दोन ठिकाणी क्रियापद गळले, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. तांब्याची प्लेट का नाही घेतली, या प्रश्नावर तिने जस्त स्वस्त पडते असे सरळ सांगून टाकले, आणि परीक्षक हसले.

त्याच संध्याकाळी गुजराती माध्यमातून आलेला शिल्पकलेचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्यालाही ज्युरीपुढे असेच गप्प बसावे लागत होते, पण परदेशी नसल्यामुळे त्याला हा वर्ग लागू नव्हता. मी विभागाकडे तसा अर्ज केला आणि पुढच्या सत्रापासून सूचनाफलकावर वर्गाच्या नावातला ‘परदेशी’ हा शब्द काढून टाकण्यात आला.