वहीत नसलेले दोन सेकंद

माझा मानसोपचाराचा दवाखाना डोंबिवलीत आहे, त्यामुळे रेल्वेतली माणसं बरीच येतात. मोटरमन आले की तक्रार बहुधा झोपेची असते. अपघाताचा विषय पहिल्या भेटीत क्वचितच निघतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात आणि त्यांतली बरीचशी रूळ ओलांडताना. बातमीत गेलेल्या माणसाचं वय येतं, लोकल किती वेळ खोळंबल्या तेही येतं. समोरच्या काचेतून ज्यानं हे सगळं पाहिलं, त्याच्याबद्दल एक ओळही नसते.

ज्या मोटरमनबद्दल लिहिते आहे त्यांना त्यांच्या पत्नीनं जवळजवळ ओढतच आणलं होतं. (त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या अलीकडे, गाडी चालवण्याचा अनुभव वीस वर्षांच्या आसपासचा. अपघाताला चार महिने उलटून गेले होते. बोलायला सुरुवात पत्नीनंच केली. "मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे वही घेऊन बसतात. विचारलं की म्हणतात, हिशोब चाललाय. कसला हिशोब ते काही सांगत नाहीत."

त्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. दोनशे पानी, मुलाच्या कॉलेजातून उरलेली. आत पट्टीनं आखलेले रकाने: वेग, अंतर, हॉर्न, ब्रेक. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. गाडी ताशी ८०नं, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. वळण संपून माणूस दिसला तेव्हा अंतर अंदाजे १०० मीटर. इमर्जन्सी ब्रेक लावल्यावर गच्च भरलेली बारा डब्यांची गाडी उभी राहायला लागणारं अंतर ३०० मीटरच्या आसपास. मग पानोपानी तीच आकडेमोड थोड्या फरकानं. वेग ७५ असता तर? हॉर्न वळणावरच दिला असता तर? नजर अर्धा सेकंद आधी उजवीकडे गेली असती तर?

"उत्तर काय येतं?" मी विचारलं.

"दर वेळी तेच. एक सेकंद आधी ब्रेक लागला असता तरी त्या जागी गाडी साठच्या वरच असती. थांबत नाही ती."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी वाटतं, कुठंतरी चुकलंय. परत मांडतो."

मी त्या पानांकडे बघत राहिले. आघातानंतर त्याच त्या विचारांत अडकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण इतक्या नीटनेटक्या अक्षरात मांडलेला तो गुंता पहिल्यांदाच समोर आला होता. शिवाय गणित बरोबर होतं. या माणसाला "तुमची चूक नव्हती" हे पटवून द्यायची गरजच नव्हती, ते त्यांनी स्वतःच शेकडो वेळा सिद्ध केलं होतं. तरी त्यांना झोप येत नव्हती.

आघातानंतर मनात दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि आपण दोघींनाही 'विचार' म्हणून मोकळे होतो. पहिली म्हणजे आठवण अंगावर येणं. ब्रेकचा आवाज कानात घुमतो, पावसाची काच दिसते, छातीत धस्स होतं. हे न बोलावता येतं, चित्रासारखं येतं आणि थोड्या वेळानं ओसरतं. दुसरी म्हणजे त्या प्रसंगावर दळण दळत बसणं: असं का झालं, माझ्याच वाट्याला का, तेव्हा तसं केलं असतं तर. हे शब्दांत चालतं आणि तासन् तास चालतं. आपण प्रश्न सोडवतो आहोत असं माणसाला मनापासून वाटत असतं. अंके एलर्स आणि डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली आघातोत्तर तणावाबद्दल जी मांडणी केली, तिच्यात या दुसऱ्या गोष्टीला महत्त्वाची जागा आहे. जखम भरू न देणाऱ्या ज्या गोष्टी माणूस नकळत करत राहतो, त्यांतली ही एक. 'का' आणि 'जर-तर'च्या फेऱ्यात मन प्रसंगाभोवती फिरतं, पण प्रत्यक्ष प्रसंगात पाय ठेवत नाही. त्यामुळे आठवण कच्चीच राहते. कच्ची आठवण पुन्हा अंगावर येते, आणि ती आली की पुन्हा हिशोब सुरू होतो.

घरच्यांचा सल्ला एकच होता, विचार करू नका. तो मायेपोटीच दिलेला होता. पण 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असं बजावल्यावर माणसांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा येतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगातून दाखवलं आहे. माझ्यासमोर बसलेला माणूस दिवसभर विचार दाबत होता आणि रात्री सगळे झोपल्यावर वही उघडत होता.

स्वभावाचाही भाग होता. पत्नी म्हणाली, "लग्न झाल्यापासून बघतेय, साहेब एखादा शब्द बोलले तर आठवडाभर ह्यांच्या डोक्यातून जात नाही." हेही महत्त्वाचं असतं. ऑक्टोबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्याच्या दोनच आठवडे आधी, निव्वळ योगायोगानं, मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-हुक्सिमा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून मनःस्थितीबद्दलच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. मन खट्टू झालं की तेच उगाळत बसण्याची सवय ज्यांना भूकंपाआधीपासून होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्य जास्त टिकून होतं. सवय आधीची असते, आघात तिला एक न संपणारा विषय पुरवतो. त्यात मोटरमनचं काम असं, की प्रत्येक फेरीत काय चुकलं, काय राहिलं हे मनात तपासत राहणाऱ्यालाच लोक चांगला मोटरमन म्हणतात. ज्या सवयीनं वीस वर्षं हजारो लोकांना सुखरूप पोचवलं, तीच आता त्यांना जागं ठेवत होती. मला या गोष्टीचं फार वाईट वाटलं.

पुढच्या काही भेटींत झोप, चहा, कामाच्या वेळा असं सगळं बोलून झालं. मग एका दुपारी मी त्यांना म्हटलं, वहीतलं कुठलंही एक पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचताना माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक पान वळणापाशी सुरू होतं आणि 'ब्रेक फुल' या शब्दांवर संपतं. त्यांच्याच हिशोबानं त्यानंतर आणखी दोन-एक सेकंद उरत होते. त्यांचा रकाना कुठेच नव्हता.

"यानंतरचं कुठे लिहिलंय?"

"यानंतर काय लिहायचं? ब्रेक लावला, संपलं."

"गाडी तर चालू होती."

ते बोलले नाहीत. उजवा हात टेबलाच्या कडेवर होता, तो हळूहळू आवळत गेला. मी विचारलं, आज आपण तेवढंच बोलू या का? हिशोब नको, 'का' नको. काय दिसतंय, काय ऐकू येतंय एवढंच, आत्ता घडत असल्यासारखं सांगा. नको वाटलं तर थांबू. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "सांगतो."

त्यांनी सांगितलं. वायपर चालू आहे. वळण संपतंय. पांढरा शर्ट, पाठीला सॅक. हॉर्न देतोय. ब्रेक. तो थबकतो, वळतो, माझ्याकडे बघतो. इथे त्यांचा आवाज गेला. मी फक्त एवढंच विचारलं, "आता काय होतंय?"

"मी डोळे मिटतो."

हे त्यांनी इतक्या महिन्यांत कुणालाही सांगितलं नव्हतं. पत्नीला नाही, गार्डला नाही, वहीलाही नाही. पुढचं मग एका दमात बाहेर आलं. शेवटच्या क्षणी तो माणूस माझ्याकडे बघत होता आणि मी डोळे मिटले. मी त्याला एकटं सोडलं. मोटरमननं डोळे मिटायचे नसतात, मॅडम.

हिशोब कशाचा चालला होता ते मला त्या क्षणी कळलं. ब्रेकच्या अंतराचा प्रश्न खरा नव्हताच. तो सोडवता येण्यासारखा होता म्हणून मन रोज तो पुढे करत होतं. लाज या दोन सेकंदांत होती आणि तिथवर पोचायच्या आधीच पान संपत होतं.

त्यांना थोडं पाणी पिऊ दिलं. मग आम्ही पुन्हा तिथेच गेलो, सावकाश.

"डोळे मिटले तेव्हा हात कुठे होता?"

"ब्रेकवर."

"सुटला?"

ते विचारात पडले. या वेळचा विचार वहीतल्यासारखा नव्हता. हात पुन्हा टेबलाच्या कडेवर गेला, बोटं आवळली गेली. "नाही," ते म्हणाले. "गाडी उभी राहीपर्यंत सुटला नाही. नंतर गार्डशी बोलायचं होतं तरी बोटं उघडत नव्हती." आणि हे बोलता बोलता ते रडायला लागले. डोळ्यांसमोर काही वेगानं आलं की पापण्या आपोआप मिटतात, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हे मी नंतर सांगितलं. पण त्यांना आधार मिळाला तो हाताच्या आठवणीतून, आणि ती त्यांची त्यांनीच शोधली होती.

एका दुपारीत सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. वही नंतरही काही रात्री उघडली गेली. एक भीती त्यांनी पुढच्या भेटीत बोलून दाखवली: "मी विचार करायचं सोडलं तर तो माणूस कुणाच्याच लक्षात राहणार नाही." विचार करत राहणं हे त्यांच्या लेखी प्रायश्चित्त होतं. अशा वेळी त्या विचारांना निरर्थक म्हणणं क्रूरपणाचं ठरतं. आठवण ठेवायची तर ती कशी ठेवावी यावर आम्ही बोललो. त्यांनी ठरवलं, त्या तारखेला दर वर्षी एका मुलाच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलायचा. ही कल्पना संपूर्णपणे त्यांची.

रात्रीसाठी एक साधा नियम केला. चक्र सुरू झालं की दोन मिनिटं घड्याळ लावायचं. तेवढ्यात काही नवं कळलं का, आत्ता करता येईल असं काही हाती लागलं का, निदान बरं तरी वाटलं का? तिन्हीचं उत्तर नाही असेल तर उठायचं आणि हातांना काम द्यायचं. ते भांडी घासायला लागले. सकाळी ओटा चकाचक दिसला की आज रात्री काय झालं ते पत्नीला न विचारता कळायचं.

पुढे आम्ही एका रविवारी ते वळण दिसतं त्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. मनातल्या जागी तो प्रसंग अजून घडतच असतो, खऱ्या जागी तो होऊन गेलेला असतो. हा फरक डोळ्यांनी बघावा लागतो. दोन फास्ट गेल्या, एक मालगाडी गेली. प्रत्येक गाडीला ते मनातल्या मनात वेग देत होते, ते मला त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. तिसऱ्या गाडीला त्यांनी आकडा सोडून दिला आणि रुळांकडेला उगवलेल्या तेरड्याबद्दल काहीतरी बोलले.

आता ते पुन्हा गाडी चालवतात. वळणावर छातीत धडधडतं, अजूनही. पण घरी आल्यावर जेवतात आणि झोपतात. त्यांनी लॉबीतल्या, म्हणजे मोटरमन जिथे हजेरी लावतात तिथल्या, दोन तरुण सहकाऱ्यांना माझ्याकडे पाठवलं आहे. त्यांतला एक आत येऊन बसल्या बसल्या म्हणाला, "मला झोपेचं काही नाही, मला अपघाताबद्दलच बोलायचंय."

ज्यांना जवळपास कुणी मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन कुठल्याही वेळी करता येतो आणि मराठीत बोलता येतं. मोटरमन, रेल्वे पोलीस, रुळांवरून मृतदेह उचलणारे हमाल, अँब्युलन्सचे चालक, यांच्यापैकी कुणी घरात असेल आणि रात्री जागत बसत असेल, तर हा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा.