डॅशबोर्डवरची पितळी पट्टी

जुन्या मोटारींपेक्षा त्या विकणाऱ्या मुंबईतील पेढ्यांच्या खुणा जमवण्यात मला अधिक रस आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली, त्या सुमारास विक्रेते आपल्या पेढीचे नाव कोरलेली छोटी पितळी पट्टी डॅशबोर्डवर बसवत. मोटार भंगारात गेली, तरी अशी पट्टी कधीकधी चोरबाजारात हाती लागते. मात्र पितळेची नक्कल सोपी असल्याने, फारच चकचकीत अक्षरे आणि भोकांभोवती रिव्हेटचा दाब न उमटलेली पट्टी मी घेत नाही.

माझा खरा ओढा कागदांकडे आहे. दुरुस्तीच्या पावतीवर तारखेचा भाग फाटलेला असला, तरी रक्कम रुपये-आणे-पैत लिहिलेली असेल, तर ती बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, म्हणजे दशमान नाणी येण्याआधीची, असे मानता येते. त्याच पावतीवर महसुली तिकीट, मेस्त्रीची सही आणि कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा असेल, तर किमतीवरून घासाघीस करायला मन धजत नाही. असे कागद लॅमिनेट करणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार!