बर्न्सच्या घराची ढासळलेली भिंत

स्कॉटलंडमधल्या एअर शहराच्या दक्षिणेला, अ‍ॅलोवे येथे, कवी रॉबर्ट बर्न्स ज्या घरात जन्मला ते गवताने शाकारलेले घर आजही उभे आहे. लोक तिथे कवीसाठी येतात; मी मात्र एका भिंतीसाठी गेलो होतो.

कवीचे वडील विल्यम हे व्यवसायाने माळी. भाजीपाल्याच्या बागेसाठी त्यांनी इथे सात एकर जमीन घेतली आणि १७५७ मध्ये स्वतःच्या हातांनी मातीचे घर उभारले. घर बुटके आणि लांबट असून स्वयंपाकघर, आतली खोली, गोठा आणि धान्याची कोठी अशी सारी एका ओळीत, एकाच छपराखाली येतात. स्वयंपाकघराच्या भिंतीत कपाटासारखा बसवलेला एक पलंग आहे. २५ जानेवारी १७५९ रोजी बर्न्स तिथेच जन्मला. खिडक्या इतक्या लहान आहेत की बाहेरून आत येताच क्षणभर काही दिसत नाही. छपराचा उतार मात्र चांगलाच उभा आहे, कारण पाणी मुरण्याआधी ओघळून गेले नाही तर गवत कुजते; शिवाय गवताचा भार कमी असल्याने मातीच्या भिंतींना तो पेलतो.

मूल नऊ-दहा दिवसांचे असताना, एका वादळी पहाटे, आढ्याच्या टोकाच्या भिंतीचा एक भाग कोसळला आणि बाळबाळंतिणीला त्या वादळातूनच शेजाऱ्यांकडे न्यावे लागले. बर्न्सने पुढे एका गाण्यात याचे खापर गमतीने जानेवारीच्या वाऱ्यावर फोडले. धाकटा भाऊ गिल्बर्ट तेव्हा जन्मलाही नव्हता, म्हणजे त्याने हे घरातच ऐकले असणार. पण त्याने दिलेले कारण मला अधिक पटते. वडिलांनी मातीच्या भिंतीतूनच धुराडे वर नेले होते आणि चुलाण्याच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब उभे करून त्यांवर आडवा दगड ठेवला होता. माती वाळत, दबत खाली बसली, दगड जागचे हलले नाहीत, आणि त्या ओढाताणीत भिंतीचा तोल सुटला. वाऱ्याने केवळ शेवटचा धक्का दिला. मातीत दगड बसवणाऱ्या कुणाही गवंड्याला ही चूक ओळखीची वाटेल.

आठवडाभरात डागडुजी झाली आणि कुटुंब १७६६ पर्यंत तिथेच राहिले. पुढे १७८१ मध्ये एअरच्या चांभारांच्या संघाने घर विकत घेतले, तिथे दारूचा गुत्ता चालला, आणि १८८१ मध्ये स्मारकाच्या विश्वस्तांनी ते ताब्यात घेतले.

मी चुलाण्यापाशी वाकून दगड आणि माती यांचा सांधा बराच वेळ शोधला. पांढऱ्या रंगाच्या थरांखाली तो कुठेच दिसला नाही.