पाहिलं तर कोणाचं काय जातं? तुम्ही विचारलंत म्हणून

“म्याडम, थे आपल्या मर्जीनं करतेत, पैसे घेतेत. आपुन एकट्यानं पाह्यलं त कोनाचं काय जाते?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, घाटंजी, मारेगाव या भागात शाळा-कॉलेजांत मी मुलांशी वयात येण्याबद्दल बोलायला जाते. पोट्टे वेगळे बसले की पॉर्न पाहण्याबद्दलचा हा प्रश्न येतोच. हल्ली लेकराबाळांचे बापही विचारतात, जरा आडून. प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून मीही आडवळण घेत नाही. जातं ते पडद्यावरच्या बाईचं.

आधी मर्जीचं बोलू. अमेरिकेत सॅन डिएगोला ‘गर्ल्स डू पॉर्न’ नावाची साइट होती. मॉडेलिंगची जाहिरात पाहून अठरा-वीस वर्षांच्या मुली अर्ज करायच्या. खरं काम काय, हे त्यांना नंतर कळायचं. व्हिडिओ नेटवर येणार नाही, दूर परदेशात डीव्हीडीवर विकला जाईल, तुमच्या ओळखीचं कोणी पाहणार नाही, असा शब्द दिला जायचा. करार नीट वाचूही न देता सह्या घेतल्या जायच्या. मग तोच व्हिडिओ नेटवर यायचा आणि त्याची लिंक मुलीच्या घरच्यांपर्यंत, कॉलेजपर्यंत पोचायची. 22 जणी कोर्टात गेल्या. जानेवारी 2020 मध्ये न्यायाधीशांनी ते करार रद्दबातल ठरवले, सुमारे 1 कोटी 27 लाख डॉलर भरपाई दिली आणि व्हिडिओंची मालकी त्या मुलींना दिली. साइटचा मालक मायकेल प्रॅट फरार झाला, डिसेंबर 2022 मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला आणि 2025 मध्ये त्याला 27 वर्षांची शिक्षा झाली.

त्या प्रकरणात सही होती, पैसेही दिले होते. पाहणाऱ्याला संशय यावा असं पडद्यावर काही नव्हतं, आणि तुमच्याआमच्यासारख्या असंख्य लोकांनी ते मर्जीचंच समजून पाहिलं. एकदा नेटवर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. बाकी कुठल्याही मजुरीत बाई दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येत नाही’ म्हणू शकते. इथे तिनं काम सोडलं तरी तिचं त्या दिवशीचं शरीर विकलं जातच राहतं.

डिसेंबर 2020 मध्ये पॉर्नहब या बड्या साइटवर अल्पवयीन मुलींचे आणि बलात्काराचे व्हिडिओ असल्याचं छापून आलं. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड कंपन्यांनी तिथले व्यवहार थांबवले, तेव्हा कुठे साइटनं ओळख न पटलेल्या लोकांनी टाकलेले व्हिडिओ काढले. ते लाखांत नव्हते, कोटीच्या घरात होते. पैशाची वाट अडेपर्यंत त्यांतली माणसं कोण, हे विचारावं असं त्या कंपनीला वाटलं नव्हतं. याची मला अजून चीड येते.

स्वतःच्या इच्छेनं, स्वतःच्या खात्यावरून हे काम करणाऱ्या प्रौढ बायका आहेत. त्यांना खोटं पाडायचा अधिकार मला नाही. पण फुकटच्या साइटवर अंगठा सरकवणाऱ्याला ही कोण आणि ती फसवलेली कोण, हे कळायला मार्गच नसतो.

आता सवयीबद्दल, कारण हे विचारणारे मागे थांबतात, बाकीचे गेल्यावर बोलतात. रोही आणि डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून तरुण पोरं जागलीला जातात. मचाणावर रात्रभर एकटेपणा, हातात फोन. “सुटतच नाही, म्याडम.” जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तनाचा विकार आहे. तो व्यसनांच्या गटात नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या गटात आहे. महिनोन् महिने थांबता येत नाही, झोप, काम, नाती बिघडतात, तेव्हा तो विकार. नुसतं ‘आपण पाप केलं’ म्हणून जीव खाणं म्हणजे हा आजार नव्हे, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आमची पोरं मात्र त्या अपराधीपणापायी भिंतीवरचं ‘गुप्तरोग, कमजोरी’ वाचून भोंदू वैद्याला कापसाचे पैसे देऊन येतात. त्यापेक्षा 14416 लावा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि अमेरिका तरी कशाला? पूर्वी तालुक्याच्या मोबाइल दुकानात मेमरी कार्डात गाण्यांसोबत बीपी, म्हणजे ब्लू फिल्म, भरून मिळायची. डेटा स्वस्त झाल्यापासून गावातलीच क्लिप गावात फिरते. आमच्या भागात एका मुलीचा व्हिडिओ तिच्याच मित्रानं पसरवला. चार मोठ्यांनी बसून प्रकरण मिटवलं, म्हणजे मुलीची शाळा सुटली आणि पुढच्या लग्नसराईत तिला उजवून टाकलं. मुलगा अजून त्याच ग्रुपवर आहे. ज्यानं गुन्हा केला त्याला कोणी लाज विचारली नाही, आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांना तर आपण काही केलं असंही वाटत नाही.

कायदा तसं मानत नाही. असा व्हिडिओ पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67अ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद. मुलगी अठराच्या आतली असेल तर शोधणं, डाउनलोड करणं हेसुद्धा 67ब मध्ये येतं. अशी सामग्री नुसती पाहणं आणि फोनात ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं.

तेव्हा ग्रुपवर क्लिप आली तर पुढे पाठवू नका. कोणी टाकली, कोणत्या नंबरवरून, किती वाजता, ते लिहून ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर आपलं नाव न देताही तक्रार करता येते. मुलगी लहान असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. आणि गावात बैठक बसली, मुलीची शाळा बंद करायची गोष्ट निघाली, तर गप्प राहू नका. तिथे बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या फोनात ती क्लिप आहे, हे तुम्हाला माहीत असतं.