कार्बनला गवत ओळखता येत नाही: जीवाश्म दात वाचताना

जीवाश्म दातातल्या कार्बनवरून प्राणी गवत खायचा की झाडपाला हे कळतं, असं बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेलं असतं. खरं तर कार्बनला गवत ओळखता येत नाही, त्याला फक्त प्रकाशसंश्लेषणाची पद्धत कळते. झाडं, झुडपं, भात, गहू या सी-३ पद्धतीच्या वनस्पती. त्यांचं कार्बन-१३ चं मूल्य (कार्बनच्या या जड रूपाचं प्रमाण एका ठरलेल्या मानकापेक्षा हजारात किती कमी-जास्त) आज सरासरी उणे २७ प्रतिहजार. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक पावसाळी गवतं सी-४. त्यांचं साधारण उणे १३. ठाण्यातून येऊरच्या डोंगराकडे पाहिलं तर साग, ऐन सी-३ आणि पावसाळ्यात उघड्यावर माजणारं बरंचसं गवत सी-४, इथवर सगळं सरळ आहे. पण बांबू गवताच्या कुळातला असूनही सी-३ आहे. पोटभर बांबू खाणाऱ्या हत्तीचा दात झाडपाला खाणाऱ्या प्राण्यासारखाच आकडा देईल. म्हणून नुसत्या कार्बनवर थांबू नये. दाताच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म ओरखडेही बघावेत.

एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरातलं मूल्य मोठ्या शाकाहारी प्राण्यांत खाद्याच्या मूल्यापेक्षा साधारण १४ ने जास्त असतं. समजा, प्लाइस्टोसीन काळातल्या (सुमारे २६ लाख ते १२ हजार वर्षांपूर्वी) एका बैलाच्या दाताचं मूल्य उणे ३ आलं. म्हणजे चारा उणे १७. आजच्या वनस्पतींची टोकं, उणे २७ आणि उणे १३, धरली तर सी-४ चा वाटा ७१ टक्के निघतो. मात्र कोळसा-तेल जाळल्यामुळे आजच्या हवेतल्या कार्बनचं मूल्य औद्योगिक काळाआधीच्यापेक्षा सुमारे २ प्रतिहजारने खाली आलं आहे. तेवढी दुरुस्ती करून टोकं उणे २५ आणि उणे ११ घेतली की तोच बैल ५७ टक्क्यांवर येतो. दात तोच, मोजणी तीच, फक्त हवा विसरल्यामुळे १४ टक्क्यांची चूक. शिवाय रखरखीत, उघड्या जागेतल्या सी-३ वनस्पतींचं मूल्य सरासरीपेक्षा वर सरकतं, त्यामुळे दहा-पंधरा टक्के सी-४ चा दावा करताना हात आखडता घ्यावा.

तुलनेसाठी आजच्या जनावराचा दात हवा म्हणून कुणी तबेल्यातल्या म्हशीचा दात आणतो. त्याचा उपयोग नाही. तिच्या गव्हाणीत घाटावरून आलेला ज्वारीचा कडबा असतो, भाताचा पेंढा असतो, सरकी पेंड असते, कापलेला हिरवा चारा असतो. दोन सी-३, दोन सी-४. आकडा मधला येणार आणि तो ठाण्याच्या रानाबद्दल काहीच सांगणार नाही, चाऱ्याच्या ट्रकबद्दल सांगेल.

आता दात कोणता घ्यायचा? गुरांचा पहिला दाढ आईच्या पोटात बनू लागतो आणि वासरू दुधावर असतानाच पूर्ण होत येतो. त्यात आईच्या दुधाची खूण बसते, ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचं जड रूप) वर चढलेला दिसतो. तिसरा दाढ साधारण ९-१० महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत बनतो, म्हणून तोच घ्यावा. तो दुसरा आहे की तिसरा हे नक्की नसेल तर नमुना घेऊच नये.

दातावरचं सिमेंट (दाताचंच नैसर्गिक आवरण) आणि बाहेरचा पातळ थर आधी खरवडून टाकायचा. दंतवैद्यकीय मायक्रोमोटरला हिऱ्याचा बर (कोरायचं टोक) लावून, वेग कमी ठेवून. बर तापला की नमुन्याचे आकडे बिघडतात. सरासरी आहार हवा असेल तर दाताच्या पूर्ण उंचीवर एक उभी पट्टी घेऊन ५ ते १० मिलिग्रॅम भुकटी पुरते. ऋतुचक्र हवं असेल तर वाढीच्या दिशेला आडवे, १ ते दीड मिलिमीटर रुंदीचे चर, सुमारे २ मिलिमीटर अंतराने पाडायचे. प्रत्येक चराचं अंतर एनॅमल आणि मुळाच्या सांध्यापासून मोजून लिहायचं, दाताच्या टोकापासून नव्हे. टोक झिजलेलं असतं. चर डेंटीनपर्यंत, म्हणजे एनॅमलच्या आतल्या मऊ थरापर्यंत, जाऊ द्यायचा नाही. रंग मळकट झाला, भुकटी मऊ पडू लागली की तिथेच थांबायचं. एनॅमल जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं, डेंटीन सच्छिद्र. जमिनीतलं पाणी आधी त्यात शिरतं.

भुकटी सेंट्रिफ्यूजच्या नळीत घेऊन सेंद्रिय मळ काढायला २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, दर मिलिग्रॅमला साधारण ०.१ मिलिलीटर, अर्धा तास. मग शुद्ध पाण्याने तीन-चार वेळा धुवायची. त्यानंतर ०.१ मोलर ॲसिटिक आम्ल, फार तर चार तास. ही पायरी आपल्याकडे टाळता येत नाही: गोदावरी-मांजरा नद्यांच्या जुन्या गाळात कंकर (चुन्याचे खडे) भरपूर असतो आणि त्याचा चुना दातात शिरलेला असतो. पण आम्ल रात्रभर ठेवलं तर मूळ खनिजही विरघळून पुन्हा जमू लागतं. वजनातली घट लिहून ठेवावी. चार नमुन्यांना दोन तास आणि पाचव्याला सहा तास असला प्रकार अजिबात नको. पुन्हा धुऊन ६० अंशांवर वाळवायची.

मूल्य मोजणाऱ्या यंत्रात (मास स्पेक्ट्रोमीटर) जाताना ही भुकटी १०० टक्के फॉस्फोरिक आम्लात ७० ते ९० अंशांवर सोडतात आणि निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. एनॅमलमध्ये कार्बोनेट जेमतेम काही टक्के, म्हणून चुनखडीच्या मानाने कितीतरी जास्त भुकटी लागते. अर्धा ते एक मिलिग्रॅम धरा. आम्लात पाणी उतरलं असेल तर त्यातला ऑक्सिजन वायूशी अदलाबदल करतो आणि आकडे भरकटतात. दर काही नमुन्यांमागे एनबीएस-१९ किंवा आयएईए-६०३ हे प्रमाण द्रव्य ठेवायचंच, शिवाय प्रयोगशाळेचं स्वतःचं एनॅमलचं प्रमाणही. चुनखडी नीट वागली म्हणून एनॅमल नीट वागेल असं नाही.

ऑक्सिजनचा अर्थ लावणं जास्त अवघड. तो प्यायलेल्या पाण्याचा. पावसाचा जोर वाढला की ऑक्सिजन-१८ कमी होतो, बाष्पीभवनाने वाढतो. दाताच्या उंचीवर वर-खाली होणारी रेघ म्हणजे बहुधा ऋतू. नवी मुंबईतलं एखादं जनावर वर्षभर मोरबे धरणाचं नळाचं पाणी प्यालं तर पावसाळा-उन्हाळ्यातला फरक धरणातच मिसळून गेलेला असतो आणि रेघ सपाट येते. प्राचीन प्राणी तळ्यावर, बारमाही नदीवर राहत असेल तर हेच होतं. सपाट रेघ म्हणजे ऋतू नव्हते असं नाही. शिवाय एनॅमल पक्कं व्हायला महिने लागतात, त्यामुळे खऱ्या चढ-उतारापेक्षा दातातला चढ-उतार नेहमी कमीच दिसतो.

एवढं सांभाळलं की ही पद्धत जबरदस्त आहे. पूर्व आफ्रिकेतला पॅरॅन्थ्रोपस बॉइसी हा माणसाचा नामशेष नातलग, राक्षसी दाढांमुळे कठीण कवचाची फळं फोडणारा म्हणून ओळखला जायचा. २०११ साली त्याच्या आहारात सुमारे ७७ टक्के सी-४ निघालं, म्हणजे गवतं किंवा लव्हाळी. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवालिक खडकांच्या थरांत ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी सी-४ गवतं पसरली, हे आधी प्राचीन मातीच्या कार्बोनेटमध्ये दिसलं होतं आणि घोडे-हत्तींच्या एनॅमलमध्येही तोच बदल सापडला.

आकडा खरा की मातीने बदललेला, हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच थरातला पाणघोडा. नर्मदेच्या प्लाइस्टोसीन गाळात ते होते. पाणघोडा दिवसभर पाण्यात राहतो, म्हणून त्याचं ऑक्सिजनचं मूल्य इतर शाकाहारी प्राण्यांपेक्षा कमी यायला हवं. कमी न येता सगळ्यांत मिसळून आलं, आणि एनॅमल-डेंटीनचे आकडेही एकच झाले असतील, तर त्या थरातल्या बाकीच्या दातांवरचे निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवायचे.