नवतप्यात विजेची गाडी: समृद्धीवरून नागपूर ते छत्रपती संभाजीनगर

नवतपा सुरू असताना समृद्धी महामार्गाने नागपूरहून संभाजीनगरला जाऊन आलो. गाडी विजेची, बॅटरी 40 युनिटची (किलोवॅट-तास), एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची. दुपारी पारा 45 च्या पुढे. अशा उन्हात एका चार्जमध्ये गाडी किती पळते यापेक्षा ती किती लवकर चार्ज होते, यावरच सगळं वेळापत्रक ठरतं. उन्हाळ्यात याच रस्त्याने निघणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

रात्रभर घरच्या चार्जरवर संथ चार्ज करून पहाटे साडेचारला निघालो. नागपूरजवळच्या शिवमडक्याला समृद्धीवर चढलो, वेग 95 ते 100 ठेवला. दर 100 किलोमीटरला साडेचौदा युनिट लागली. परतीत मोकळ्या रस्त्यावर काही अंतर 120 ने गेलो तर हाच खर्च 19 वर पोहोचला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 100 चे 120 केले की तो 44 टक्क्यांनी जास्त होतो. रस्त्यावर वाचवलेली मिनिटं मग चार्जरपाशी उभं राहून भरावी लागतात, शिवाय बॅटरी तापलेली असते ती वेगळीच.

पहिला थांबा शेलू बाजारच्या आसपास, नागपूरपासून साधारण 210 किलोमीटरवर. बॅटरीत 24 टक्के उरले होते. सकाळची हवा, 60 किलोवॅटचा चार्जर, शेजारी दुसरी गाडी नाही. स्क्रीनवर चार्जिंगच्या वेगाचा 45 किलोवॅटचा आकडा आला आणि साठ टक्क्यांपर्यंत हलला नाही. सत्तरनंतर 34, ऐंशी ओलांडताच 20. रांगेत कोणी नव्हतं म्हणून नव्वदपर्यंत थांबून पाहिलं, तेव्हा जेमतेम 9 उरले होते. ऐंशीपर्यंत पोहोचायला चाळीस मिनिटंही लागली नाहीत. पुढच्या दहा टक्क्यांनी मात्र चांगलाच वेळ खाल्ला.

यात चार्जरचा दोष नसतो. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरून बसतात. लग्नाच्या पंगतीत पहिले येणारे पटापट बसतात, नंतरच्यांना जागा शोधावी लागते, तसंच हे. जागा कमी असताना प्रवाह रेटला, तर लिथियम आत न शिरता ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. त्यातलं बरंचसं पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे क्षमता कायमची घटते. हा थर वाढत गेला तर आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोकाही असतो. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, स्वतःच प्रवाह कमी करते. जालन्याजवळ दुसरा छोटा थांबा घेतला, पंधरा-वीस मिनिटांचा. दोन छोटे थांबे एका लांब थांब्यापेक्षा वेळेच्या हिशेबात स्वस्त पडतात, हे मी ठामपणे सांगेन.

परतीचा प्रवास दुपारी करावा लागला. ऊन मी म्हणत होतं. परतीच्या बाजूचा तसाच चार्जर, बॅटरीत तेवढेच टक्के, पण आकडा 24 च्या वर जाईना. बॉनेटखालचा पंखा सतत घोंघावत होता आणि गनची, म्हणजे गाडीत खोचायच्या चार्जिंग प्लगची, केबल हाताला चटका देत होती. बॅटरी कोमट असली तर चार्ज झपाट्याने होतो. फार तापली की तिच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वाढतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्यामुळे बीएमएस हात आखडता घेते, आणि ते योग्यच आहे. आमच्या गाडीत एकच कॉम्प्रेसर केबिन आणि बॅटरी दोन्ही गार करतो, म्हणून चार्जिंगच्या वेळी एसी कमी करून सावलीत जाऊन बसलो. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच जलद चार्जिंग टाळता आलं तर टाळाच.

गाडी घ्यायच्या विचारात असाल तर जाहिरातीतल्या कमाल किलोवॅटला भुलू नका. 10 ते 80 टक्के किती मिनिटांत, आणि बॅटरीला द्रवाने गार करायची सोय आहे का, हे विचारा. बॅटरीतले इलेक्ट्रोड, म्हणजे आयन ज्यांत शिरतात ते थर, पातळ केले की चार्ज लवकर होतो, पण तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते. जाड केले की पल्ला वाढतो आणि चार्ज रेंगाळतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी हलकी, एलएफपी जड, पण एलएफपी उष्णतेला जास्त टिकते आणि चार्जिंगच्या जास्त फेऱ्या झेलते. विदर्भातल्या माणसाने पल्ल्यातले थोडे किलोमीटर सोडून एलएफपी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. एलएफपीचं व्होल्टेज चार्जच्या बऱ्याच टप्प्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे किती टक्के उरले याचा बीएमएसचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. तो पुन्हा जुळावा म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल त्याप्रमाणे अधूनमधून घरी संथपणे 100 टक्के करा, शक्यतो निघायच्या आदल्या रात्री. पूर्ण भरलेली गाडी दिवसभर उन्हात ठेवू नका.

समृद्धीवर चार्जर शोधताना तो आपल्याच बाजूला आहे ना, हे आधी पाहा. पलीकडचा चार्जर डोळ्यांना दिसला तरी पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. अॅपमध्ये ‘चालू’ दिसणारा एक चार्जर प्रत्यक्षात बंद निघाला. बॅटरीत 25 टक्के होते म्हणून पुढच्यापर्यंत निभावलं. 20 टक्क्यांच्या खाली जायचा बेत आखू नका, आणि निघण्यापूर्वी पंपावर फोन करून विचारा. दोन गनच्या चार्जरवर शेजारी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी वीज वाटली जाते, तेवढा वेळ हिशेबात धरा.

घरी पोहोचल्यावर लगेच प्लग लावू नका. बॅटरी निवू द्या, आणि टायमर पहाटेचा लावा.